थोबाडीत मारली गेली

"मारली गेली म्हणजे?" आवळे सिस्टरांनी विचारलं.

त्या फलकासमोर उभ्या होत्या. चष्मा कपाळावर चढवला होता आणि उजव्या हाताचं बोट शेवटच्या ओळीखाली धरलं होतं. रंग अजून ओला होता, म्हणून बोट टेकवलं नव्हतं.

"म्हणजे... त्यांना मारलं," मी म्हणाले.

"ते कळलं. कुणी मारलं ते कुठंय?"

मी फलकाकडे बघितलं.

"भिवा मास्तरांना थोबाडीत मारली गेली," त्यांनी पुन्हा एकदा सावकाश वाचलं. "वाऱ्यानं मारली का ओ, बाई?"

ही गोष्ट जानेवारी १९९९ची. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि धानवडच्या वस्तुसंग्रहालयात वर्षभराच्या करारावर काम करत होते. संग्रहालय लहानसंच. खाली तीन दालनं, वर एक. खालच्या दालनांत नाणी, तलवारी, ताम्रपट आणि सांगलीच्या कुणा वैद्यांनी दिलेले खलबत्ते. ते बारा महिने तसेच असायचे. वरचं दालन मात्र तात्पुरत्या प्रदर्शनांसाठी मोकळं ठेवलेलं. दर तीन महिन्यांनी तिथं काही नवं मांडायचं, ही माझी जबाबदारी. आधी मी दिवे मांडले होते, मग जुनी शाळेची पुस्तकं. तिसऱ्या खेपेला मी बँड निवडला. लग्नाचा बँड.

आमच्या भागात शंभर वर्षांत असं एकही लग्न झालं नसेल ज्यात बँड वाजला नाही. पण वाजवणाऱ्यांची नावं कुणाला विचारा, सांगता येत नसत. ही माणसं बहुतेक मातंग समाजातली. पिढ्यान्‌पिढ्या हलगी आणि सनई वाजवत आलेली. इंग्रजी पलटणींचे बँड ऐकून त्यांनी पितळी वाद्यं हाती घेतली, नोटेशन शिकली, लाल कोट शिवले. त्यांच्याशिवाय कुणाच्या दारातून वरात हलत नव्हती, आणि त्यांना मात्र त्या दारातून आत पाऊल टाकता येत नव्हतं. हे सगळं एका दालनात मांडायचं असं मी ठरवलं. प्रदर्शनाला नाव दिलं, "वरातीच्या पुढे".

वस्तू गोळा करायला मी चार महिने वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. त्यात रत्नप्रभा आवळे भेटल्या. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. त्यांचे वडील भिवा मास्तर हे विजय ब्रास बँडचे मालक आणि क्लॅरोनेट वाजवणारे. ते बहात्तर साली गेले. क्लॅरोनेट सिस्टरांनी जपून ठेवलं होतं. दर दिवाळीला तेलाचा हात फिरवून, चाव्या पुसून, पुन्हा मलमलीत गुंडाळून. सोबत सात वह्या होत्या. मास्तरांनी स्वतःच्या हातानं उतरवून घेतलेल्या दोनशेच्या वर चाली, बाजूला बोटांच्या खुणा.

वस्तू उसन्या दिल्याच्या फॉर्मवर सही करताना त्यांनी मला ती हकिगत सांगितली. अगदी सहज, चहा ओतता ओतता. वडिलांना त्या दादा म्हणत.

"पंचावन साली सरनोबतांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. दादा तिथं घराच्या ओसरीवर, सोप्यावर जाऊन बसले. कशाला बसले देव जाणे. दौलतराव सरनोबतांनी चारचौघांत थोबाडीत मारली. ओठ फुटला. तरी संध्याकाळची वरात वाजवली त्यांनी."

"तुम्ही तेव्हा केवढ्या होता?"

"चौदा. दादा घरी आले ते तोंडाला फडकं धरून. आई मरेपर्यंत त्यांना टोचून बोलायची. तुम्हाला कुणी सांगितलं होतं पायरी चढायला, म्हणायची."

मी ते टिपून घेतलं. माझ्या सबंध प्रदर्शनाला जे म्हणायचं होतं ते या एका प्रसंगात होतं, असं मला वाटलं. मास्तरांचा फोटो मोठा करून घेतला, काचपेटीत क्लॅरोनेट ठेवलं आणि मोमीन पेंटरकडून पाच फुटांचा फलक रंगवून घेतला. त्यावर ही ओळ होती: "१९५५ साली धानवडमधील एका प्रतिष्ठित घराण्यातील लग्नात, पायरी चढून सोप्यावर बसल्याबद्दल भिवा मास्तरांना थोबाडीत मारली गेली."

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी मांडणी बघायला म्हणून मीच सिस्टरांना बोलावलं. त्या खूश होतील असं मला वाटलं होतं.

"सिस्टर, लोकांना हे कळायला हवं," मी म्हणाले. "नुसतं क्लॅरोनेट ठेवलं तर लोक बघून पुढे जातील."

"कळू दे की. मी कुठं नको म्हणते?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "पण बघा, इथं मार खाणाऱ्याचं नाव आहे. त्याच्या बापाचंही आहे. भिवा सखाराम आवळे. आणि मारणारा कोण, तर प्रतिष्ठित घराणं. आता तीन महिने गावातली माणसं येऊन बघणार की भिवा मास्तरनं मार खाल्ला. पुन्हा दादांनीच मार खायचा का?"

"तसं नाही सिस्टर..."

"मग कसं? तुम्हाला नाव माहीत नव्हतं का? मी सांगितलं होतं."

खाली उंची साडी नेसलेल्या दोघी-तिघी जिन्यापाशी फुलांच्या माळा बांधत होत्या. उद्‌घाटन ज्यांच्या हातून व्हायचं होतं ते भाऊसाहेब सरनोबत. संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष, साखर कारखान्याचे माजी चेअरमन. दौलतरावांचे थोरले चिरंजीव. पंचावन्न सालच्या लग्नातले नवरदेव ते हेच.

"वरून सांगितलंय," मी म्हणाले. "नाव घालायचं नाही असं."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर रोग्याची नाडी बघताना असते तशी होती, शांत आणि थोडी दुसरीकडेच लागलेली.

"मग एक करा. दोघांचीही नावं काढा नाहीतर दोघांचीही घाला. आणि दादा वाजवत काय होते ते सगळ्यात खाली बारीक अक्षरात का? ते वर घ्या. उद्या दहा वाजता मी येते. नाही जमलं तर क्लॅरोनेट परत द्या. फॉर्मवर तसं लिहिलंय, मी वाचलंय."

आणि त्या जिना उतरून गेल्या. माळा बांधणाऱ्या बायकांना खाली त्या "जरा सैल बांधा, फुलं गळतील" असं म्हणाल्याचं मला वरपर्यंत ऐकू आलं.

आमचे संचालक पाटणकर सर साठीच्या जवळ आलेले, भित्रे म्हणता येणार नाहीत पण जपून राहणारे गृहस्थ. मी त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ते निमंत्रितांची यादी तपासत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. सिस्टर काय म्हणाल्या ते, आणि नाव घातलं नाही तर काचपेटी रिकामी राहील तेही.

"म्हणजे नाव तुम्ही गाळलंत?" त्यांनी मान वर केली. "मला वाटलं, नक्की कोण ते माहीत नसेल."

इथं मला सांगायलाच हवं. सरनोबतांचं नाव घालू नका असं मला वरून कुणीही सांगितलेलं नव्हतं. पाटणकर सरांनी नाही, विश्वस्तांनी नाही, कुणीच नाही. मसुदा लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा माझ्या हातून "दौलतराव सरनोबत यांनी" असंच लिहिलं गेलं होतं. मग मी ते खोडलं. दोन महिन्यांनी माझा करार संपणार होता आणि कायम जागेची मुलाखत भाऊसाहेब घेणार होते, हे कारण होतंच. पण खोडताना मी त्याचा विचार केला नाही. बरं दिसणार नाही, एवढंच मनात आलं. उद्‌घाटनाला ते येणार, त्यांच्या हातून फीत कापून घ्यायची आणि समोर त्यांच्याच वडिलांचं नाव. बरं दिसत नाही. एका रेघेचं काम होतं. वाक्यसुद्धा चांगलं जमलं असं वाटलं.

आता मी सरांच्या समोर उभी होते ती एकाच आशेनं, की त्यांनी "नाही" म्हणावं. म्हणजे मी सिस्टरांना सांगितलेलं खोटं खरं झालं असतं.

सरांनी पेनचं टोपण लावलं. "हे बघा दातार, मला विचारू नका. विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल."

"मग मी काय करू?"

"तुम्ही विचारलेलं नाही असं मी समजतो," ते म्हणाले आणि पुन्हा यादीत डोकं घातलं.

मी वर आले. दालनात कुणी नव्हतं. फोटोत भिवा मास्तर लाल कोटात उभे होते. फोटो काळापांढरा, पण कोट लाल असणार हे मला माहीत होतं. मी तिथं किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. मोठा विचार वगैरे काही केला नाही. सिस्टर उद्या दहा वाजता येतील आणि मी त्यांना क्लॅरोनेट मलमलीत गुंडाळून देतेय, एवढं चित्र डोळ्यांपुढे यायचं. दुपारी दीड वाजता मी मोमीन पेंटरला बोलावून घेतलं आणि नवा मजकूर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. दोनदा वाचला.

"बाई, कारखान्याचे सगळे बोर्ड मीच लिहितो."

"माहीत आहे मला. नको असेल तर मी लिहीन, तुम्ही फक्त पांढरा रंग मारून द्या."

"तुमचं अक्षर?" मोमीन हसले. "माझ्या बोर्डावर? नको."

पाच वाजेपर्यंत फलक तयार झाला. वरच्या अर्ध्या भागात मास्तरांच्या वह्यांविषयी आलं, त्यांनी नोटेशन वाचायला शिकवलेल्या चाळीस मुलांविषयी आलं, रोज पहाटे नदीच्या घाटावर चालणाऱ्या रियाजाविषयी आलं. आणि खाली: "१९५५ साली स्वतःच्या मुलाच्या लग्नात दौलतराव सरनोबत यांनी, पायरी चढून सोप्यावर बसल्याबद्दल भिवा मास्तरांना थोबाडीत मारली."

दुसऱ्या दिवशी सिस्टर दहाला पाच मिनिटं कमी असतानाच आल्या. फलक वाचला. "ठीक आहे," म्हणाल्या आणि मागच्या रांगेत एका खुर्चीवर जाऊन बसल्या.

भाऊसाहेब अकराला आले. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात काठी. फीत कापली, चार शब्द बोलले. बँडमुळे आपल्या समाजजीवनात कशी रंगत आली वगैरे. मग सगळे त्यांच्या मागोमाग दालन बघायला निघाले. पाटणकर सर माझ्याकडे बघत नव्हते. लाल कोट झाला, ड्रम झाले, कॉर्नेट झालं. भाऊसाहेब भिवा मास्तरांच्या फलकासमोर येऊन थांबले.

त्यांनी वाचायला वेळ घेतला. मागचं कुणीतरी हळूच खोकलं. एका बाईनं वाचून दुसरीला कोपरानं ढोसलं. भाऊसाहेबांनी एकदा फोटोकडे पाहिलं, मग पेटीतल्या क्लॅरोनेटकडे. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग ते वळले आणि चहा न घेता जिना उतरून गाडीत बसले.

संध्याकाळी विश्वस्त मंडळाच्या सचिवांचा फोन आला. सरांनी ऐकून घेतला आणि मला बोलावलं. "पुढच्या शनिवारी बैठक आहे. तोपर्यंत त्या फलकावर कापड टाका म्हणताहेत."

"टाकू?"

"कापड आणायला माणूस पाठवायला हवा," सर म्हणाले. "आपल्याकडे सध्या माणूस कुठंय?"

तो माणूस आठवडाभर मिळाला नाही.

सिस्टर मात्र रोज दुपारी तीनच्या सुमाराला यायच्या. निवृत्त झाल्यापासून दुपार त्यांना खायला उठायची, असं त्या म्हणायच्या. शाळांच्या सहली आल्या की मुलांना क्लॅरोनेटच्या चाव्या मोजायला लावायच्या. फलकाविषयी आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही. आणि वरून कुणी सांगितलं होतं, हेही त्यांनी विचारलं नाही. मला रोज वाटायचं आज सांगून टाकावं. रोज तीन वाजायचे, साडेचार वाजायचे, त्या पिशवी उचलून जायच्या.

बैठकीच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, चारच्या सुमाराला भाऊसाहेब आले. एकटे. गाडी न घेता चालत आले असावेत, धाप लागली होती. खाली त्यांनी दोन रुपयांचं तिकीट काढलं. रखवालदार नको नको म्हणत होता तरी काढलं. दालनात सिस्टर आणि मी, दोघीच होतो.

ते सरळ फलकापाशी गेले. मी उठून उभी राहिले. सिस्टर बसूनच राहिल्या.

"हे कुणी लिहिलं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"चुकलंय."

सिस्टर ताडकन उठल्या. "काय चुकलंय? मी भिवा मास्तरांची मुलगी. दादा तोंडाला फडकं धरून घरी आले ते माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग काठी दोन्ही हातांनी धरली.

"आमच्या वडिलांनी मारलं हे बरोबर आहे," ते म्हणाले. "पायरी चढून बसल्याबद्दल, ते चुकलंय. ते आपल्या मनानं बसले नव्हते. मी बोलावलं होतं."

खाली रस्त्यावर बर्फाच्या गोळ्याची गाडी घंटा वाजवत गेली.

"मी कोल्हापूरला शिकायला होतो. गाण्याचा नाद लागला होता. सुटीत घरी आलो की पहाटे घाटावर जाऊन बसायचो, मास्तरांचं ऐकायला. लांबूनच. लग्नाच्या दिवशी मांडवात गलका, ड्रमचा आवाज. मला वाटलं, एकदा जवळून ऐकावं. आत सगळे जेवणाच्या गडबडीत होते. मी सोप्यावर मुंडावळ्या बांधून बसलो होतो. मास्तरांना म्हटलं, वर या, इथं बसा, नुसतं क्लॅरोनेट ऐकवा. ते नको म्हणाले. दोनदा नको म्हणाले. मी म्हटलं, नवरदेवाचं ऐकायचं असतं."

ते थांबले. कपाळावर घाम आला होता.

"ते कडेला बसले. अर्धं पद वाजवलं असेल. वडील आतून आले. मारलं आणि विचारलं, कुणी सांगितलं तुला वर चढायला?"

"मग?" सिस्टरांनी विचारलं.

"मास्तरांनी माझ्याकडे बघितलं."

"आणि तुम्ही?"

"मी खाली बघितलं."

"दादा काय म्हणाले?"

"काही नाही. माझं नाव घेतलं नाही. चुकलं म्हणाले आणि खाली उतरले."

सिस्टरांनी पेटीच्या कडेला हात टेकला. त्यांचा आवाज बदलला होता. "वडील तुमचे कधी गेले?"

"अडुसष्ट साली."

"दादा बहात्तरला गेले. चार वर्षं होती मध्ये. आमचं घर तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं."

"होय," भाऊसाहेब म्हणाले. एवढंच म्हणाले.

त्यांचा तोल जातोय असं मला वाटलं. मी पुढे व्हायच्या आत सिस्टरांनी त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं होतं. कोटाची वरची दोन बटणं काढली, मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. "बाई, पाणी आणा," मला म्हणाल्या. "आणि खिडकी उघडा." भाऊसाहेब काहीतरी बोलायला गेले, तेव्हा "बोलू नका आता, श्वास घ्या," असं त्यांनी दवाखान्यातल्या आवाजात दटावलं.

मी पाणी घेऊन आले तेव्हा ते जरा सावरले होते. सिस्टर समोर उभ्या होत्या.

"दादांनी सांगितलं होतं आम्हाला," त्या म्हणाल्या. मला की भाऊसाहेबांना, कळलं नाही. "त्याच दिवशी. म्हणाले, मला नवरदेवानं बोलावलं होतं. आई म्हणाली, सरनोबतांचा मुलगा तुम्हाला बोलावतोय व्हय सोप्यावर! स्वतःची चूक झाकायला काहीही सांगता. थोरली बहीण हसली. मी पण हसले. नंतर पुन्हा कधी बोलले नाहीत ते."

भाऊसाहेबांनी मान खाली घातली. मग त्यांनी अभिप्रायाची वही मागितली. पेन माझंच घेतलं. तीन ओळी लिहिल्या: "भिवा मास्तरांना सोप्यावर मी बोलावले. माझ्या वडिलांनी मारले तेव्हा मी गप्प राहिलो. फलकात ही दुरुस्ती करावी." खाली सही, तारीख.

"सिस्टर, मी आणखी काय..."

"आणखी काही नको," सिस्टर म्हणाल्या. "चालत जाऊ नका. बाई, रिक्षा बोलवा त्यांना."

ते गेल्यावर मी खिडकी लावून सिस्टरांसमोर बसले. मग मी म्हणाले, "सिस्टर, मला नाव गाळायला कुणी सांगितलं नव्हतं. मीच गाळलं. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

पिशवीतून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, डोळे पुसले, पुन्हा चष्मा पुसला.

"हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी क्लॅरोनेट घेऊन गेले असते," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा इथं आले नसते."

"होय."

"मोमीनना कधी बोलावताय?"

"उद्या सकाळी."

"मजकूर आधी मला दाखवायचा," त्या म्हणाल्या.

शनिवारच्या बैठकीत काय झालं ते मला पाटणकर सरांनी दोन वाक्यांत सांगितलं. सचिवांनी विषय काढला. भाऊसाहेब म्हणाले, फलक राहील, आणि पुढचा विषय घ्या. प्रदर्शन पूर्ण तीन महिने चाललं. कायम जागेसाठी मुलाखत झाली ती एप्रिलमध्ये, आणि जागा साताऱ्याच्या एका मुलाला मिळाली. त्याच्याकडे पदवी माझ्यापेक्षा वरची होती. त्याचा या सगळ्याशी काही संबंध होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. मी पुण्याला आले आणि पुढची वीस वर्षं दुसऱ्यांच्या संग्रहालयांतले मजकूर लिहिण्यात गेली. वाक्यात कर्ता नसला की माझा हात अजून थांबतो. हाताखालची तरुण मुलं त्यावरून मला हसतात.

मोमीननी दुरुस्ती केली त्या शुक्रवारी सिस्टर नेहमीसारख्या तीनला आल्या नाहीत. साडेचारला आल्या, उन्हातून, घशाला कोरड पडलेल्या. मजकूर त्यांनी आदल्या संध्याकाळीच बघितला होता; फलकाकडे न बघताच खुर्चीत बसल्या. आधी माधवनगरला जाऊन आले म्हणाल्या, थोरल्या बहिणीकडे.

"सांगितलंत त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं. पण तिला ऐकू येत नाही आता. कानाशी तोंड नेऊन सांगितलं तरी म्हणाली, कुणाला बोलावलं होतं? मी म्हटलं, दादांना. म्हणाली, कुणी? म्हटलं, नवरदेवानं. म्हणाली, काय? शेवटी उभी राहून ओरडले. दादांना नवरदेवानं बोलावलं होतं!"

त्या तांब्या उचलून वरूनच पाणी प्यायल्या.

"शेजारच्या बायका दारात आल्या, काय झालं म्हणून. पलीकडचा शिंपी मशीन थांबवून आला. सगळ्या गल्लीनं ऐकलं," सिस्टर म्हणाल्या. "मग मी अजून एकदा ओरडले."